ड्रायव्हरकी सुरू करताना: कच्च्या लायसन्सपासून अनुभवपत्रापर्यंत

दिवाळी झाली की गावाकडून एखाद्या तरी मुलाचा फोन येतोच. "दादा, लायसन्स निघालं. पुण्यात कुठं लावता का?" मी त्याला दोन प्रश्न विचारतो. लायसन्सवर कोणता वर्ग आहे? आणि पावसात, रात्री, भरलेल्या गाडीने घाट उतरलायस का? बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर लायसन्स बघून मिळतं आणि दुसऱ्याचं मिळतच नाही.

मी बावीस वर्षं हे काम करतोय. तीन वर्षं टेम्पो, आठ वर्षं ट्रॅव्हल्सची गाडी आणि आता अकरा वर्षं एका कुटुंबाची गाडी. या काळात हात चांगला असलेली कितीतरी मुलं वर्षभरात काम सोडून गावी परतलेली पाहिली. कारण सांगायचं तर एकच: गाडी येत होती, पण कामाला लागताना बोली नीट केली नव्हती आणि रोजची नोंद ठेवली नव्हती. म्हणून लायसन्सचं सांगतोच, पण बोलीबद्दल जास्त लिहिणार आहे.

आधी गाडी ठरवा

'ड्रायव्हर' म्हटलं तरी कामं वेगवेगळी असतात. घरच्या गाडीवर पांढरी पाटी, एकच मालक आणि ठरलेले रस्ते. पण वाट बघण्यात निम्मा दिवस जातो. ट्रॅव्हल्सच्या पिवळ्या पाटीवर भत्ता मिळतो, महाराष्ट्र बघायला मिळतो, पण चार-चार दिवस घर दिसत नाही. हिंजवडी-खराडीकडच्या कंपन्यांची पिकअप-ड्रॉपची कॅब म्हणजे रात्रपाळी आलीच. छोटा हत्ती किंवा पिकअप घेतली तर मार्केट यार्डाची पहाट, आणि माल उतरवायला हात लावावा लागतो. ट्रक, डंपर, टँकर, बस ही जड वाहनं. तिथे पैसा बरा, पण पोहोचायला वेळ लागतो. बदली ड्रायव्हर म्हणून दिवसाच्या बोलीवर जाणारेही शहरात खूप आहेत, आणि नवख्याला वेगवेगळ्या गाड्यांवर हात बसवायला हे काम चांगलं.

पहिल्याच वर्षी कर्ज काढून स्वतःची टॅक्सी घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो, धंदा तसा येत नाही. वर्षभर दुसऱ्याची गाडी चालवा. डिझेल-सीएनजी किती जातं, टायर किती चालतात, पावसाळ्यात धंदा किती बसतो, हे सगळं मालकाच्या खर्चात शिकून घ्या.

मुलींनीही हे काम आपलं नाही असं समजू नये. एसटीच्या स्टिअरिंगवर २०२३पासून महिला चालक आहेत, आणि राज्य सरकारची पिंक ई-रिक्षा योजना खास महिलांसाठीच आहे.

लायसन्स आणि बॅज

सगळी सुरुवात सारथी या सरकारच्या लायसन्सच्या पोर्टलवरून होते. आधार जोडलेला असेल तर कच्च्या लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. कच्चं लायसन्स ६ महिने चालतं आणि ३० दिवस झाल्यावर पक्क्याची चाचणी देता येते. चारचाकीसाठी वय १८ पूर्ण हवं. भाड्याच्या, म्हणजे ट्रान्सपोर्ट गाडीसाठी २०. जड वाहनाचं कच्चं लायसन्स काढायचं तर हलक्या गाडीचं पक्कं लायसन्स किमान १ वर्ष जुनं लागतं. त्यामुळे ट्रकवर जायचं ज्याच्या मनात आहे त्याने अठरा पूर्ण होताच हलक्याचं काढून ठेवावं, ते वर्ष आपोआप भरत राहतं.

एक गोंधळ अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. हलक्या गाडीच्या साध्या लायसन्सवर टेम्पो किंवा टॅक्सी चालवता येते का? सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी याचा निकाल दिला. भरल्या गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल, तर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ती ट्रान्सपोर्ट गाडीही चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप आणि टॅक्सी यात आल्या. तरी रिक्षा-टॅक्सीच्या धंद्यात बॅज, म्हणजे प्रवासी गाडी चालवायचा आरटीओचा बिल्ला, मागतात. त्यासाठी पोलीस पडताळणी, राज्यातल्या रहिवासाचे पुरावे आणि कामापुरतं मराठी लागतं. पडताळणीला वेळ जातो, म्हणून कामाच्या शोधात निघायच्या आधीच अर्ज टाका.

ट्रान्सपोर्ट वर्गासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं, फॉर्म १-ए. त्यात डोळे तपासतात. ही तपासणी मनापासून करून घ्या, नुसता शिक्का मारून आणू नका. माझ्या ओळखीच्या एकाला रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसायची. त्याला वाटायचं सगळ्यांनाच तसं दिसतं. चष्मा लागल्यावर त्याची रात्रीची भीतीच गेली.

ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत ५ वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या १ वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच काढते, आणि मग मालक तुमच्या बाजूने उभा राहत नाही.

हात बसवणे

नियमाप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलचं हलक्या गाडीचं शिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं १० तासांचं असतं. जड वाहनासाठी ३० दिवस आणि १५ तास. दहा तासांत परीक्षा पास होता येते, पण कुणाचं कुटुंब मागे बसवून कोल्हापूरला नेता येत नाही. मधलं अंतर स्वतः भरून काढावं लागतं. ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर दोन-तीन महिने किन्नर, म्हणजे क्लीनर म्हणून जा. दोर बांधणं, ताडपत्री ओढणं, मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करणं, यातूनच गाडीची लांबी-रुंदी डोक्यात बसते. जड वाहनाचं रीतसर प्रशिक्षण हवं असेल तर भोसरीच्या केंद्रीय सडक परिवहन संस्थेसारख्या ठिकाणी चौकशी करा.

घाटाबद्दल सविस्तर सांगतो, कारण नवीन मुलं तिथेच चुकतात. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये तो उतार उतरायचा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि एका वळणावर पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. इंजिन बंद केलंत तर आणखी वाईट, कारण स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. ताम्हिणी उतरताना जळक्या रबरासारखा वास आला तर तो दुसऱ्या गाडीचा समजू नका. रुंद जागा बघून थांबा, चाकं थंड होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका. आणि अरुंद घाटात समोरून चढणारी गाडी आली तर आपण थांबायचं. चढणाऱ्याला आधी वाट, हा नियमच आहे.

काम शोधायचं कुठे

ऑनलाइन जाहिराती बघा, पण माझ्या माहितीतली निम्म्याहून अधिक कामं तोंडी लागली आहेत. सोसायटीचा वॉचमन हा सगळ्यात चांगला मध्यस्थ. कोणत्या मजल्यावरच्या साहेबांचा ड्रायव्हर गावी गेलाय, हे त्याला आधी कळतं. गॅरेजच्या मेस्त्रीला चांगला ड्रायव्हर कोण हे गाडीच्या क्लचवरून कळतं, म्हणून त्याच्या शब्दाला मालक किंमत देतो. ट्रॅव्हल्ससाठी स्वारगेट आणि स्टेशनकडची ऑफिसं, मालवाहतुकीसाठी निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, कळंबोली, वाशीचं मार्केट, भिवंडीची गोदामं, चाकण-वाळूज-बुटीबोरीचे एमआयडीसी पट्टे. सकाळी दहाच्या सुमारास जा, गाड्या सुटून गेल्यावर, म्हणजे माणसं बोलायला मोकळी असतात. जाताना कपडे साधे पण इस्त्रीचे असू द्या, आणि कागदांच्या झेरॉक्सचा संच हातात असू द्या.

एसटीची भरती निघते तेव्हा मूळ जाहिरात स्वतः वाचा. शिक्षण, उंची, जड वाहनाचा अनुभव या अटी त्यात स्पष्ट दिलेल्या असतात. 'आत ओळख आहे' म्हणणाऱ्याला रुपयाही देऊ नका. हेच खासगी एजन्सीला लागू. नोंदणीचे पैसे आधी भरा, मग मालकाचा नंबर देतो, असं म्हणणाऱ्या दारातून परत फिरा. खऱ्या एजन्सीला पैसे मालकाकडून मिळतात.

आखातात ड्रायव्हर म्हणून जाणारे कोकणातून आजही बरेच आहेत. तिकडे जायचं असेल तर एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेलं आहे ना, ते बघा. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. दीड-दोन लाख मागणारा माणूस कायद्याबाहेर आहे.

ट्रायल

मालक गाडीत बसून तुमची परीक्षा घेतो, तीच ट्रायल. २०१४ साली मी ट्रॅव्हल्स सोडून घरच्या गाडीसाठी ट्रायल द्यायला गेलो. मागे सत्तरीच्या आजी बसल्या होत्या. मला वाटलं, हात दाखवावा. सिंहगड रोडच्या गर्दीतून मी गाडी अशी काढली की कुठे थांबावं लागलं नाही. घरी आल्यावर आजी म्हणाल्या, "बाळा, गाडी छान चालवतोस. पण मी सगळा वेळ सीट धरून बसले होते." ते काम मला मिळालं नाही. ते बोलणं आजही माझ्या कानात आहे, आणि माझी गाडी चालवण्याची पद्धत त्या दिवसापासून बदलली.

तर ट्रायलला असं करा. दार उघडायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारा. चारही टायर आणि गाडीखालची जमीन बघा, तेल गळालंय का ते. आधीचा ओरखडा दिसला तर शांतपणे मालकाला दाखवा. बसल्यावर सीट, मग तिन्ही आरसे, मग पट्टा, हा क्रम सोडू नका. निघण्याआधी "निघू का?" विचारा. ब्रेक असा लावा की मागच्या माणसाची मान हलू नये. त्यासाठी गाडी थांबता थांबता शेवटच्या हातभर अंतरावर पाय किंचित सैल सोडायचा. नवी गाडी असेल तर बटणांबद्दल आधी विचारा, त्यात कमीपणा नाही. ऑटोमॅटिक कधी चालवली नसेल तर तसं सांगा. तिथे डावा पाय आराम करतो, तो ब्रेकवर गेला तर अपघात होतो. शेवटी मालक हमखास पार्किंगमध्ये रिव्हर्स घ्यायला लावतो, दोन खांबांच्या मध्ये. कॅमेरा असला तरी आरसे बघा, शंका आली तर उतरून बघा. उतरून बघणारा ड्रायव्हर मालकाला आवडतो.

बोली

आता मुख्य गोष्ट. पगार किती, एवढंच विचारून हो म्हणू नका. पगार हा किती दिवसांचा आणि रोज किती तासांचा, हे ठरल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. समजा महिना १८,००० रुपये ठरले, २६ दिवस, रोज १० तास. म्हणजे तास साधारण ६९ रुपयांना पडला. रोज दोन तास जास्त थांबवलं तर महिन्याला ५२ तास होतात, म्हणजे ३,६०० रुपयांचं काम. ते फुकट करायचं की जादा तासाचा दर धरायचा, हे पहिल्याच दिवशी बोलायचं. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१च्या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. घरच्या गाडीला ती लागू नव्हती, पण बोलताना माप म्हणून डोक्यात असावी.

पुढचे प्रश्न कागदावर लिहूनच न्या. सुट्टी कोणत्या वारी? सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर काय? रात्री किती वाजल्यानंतर नाइट चार्ज? बाहेरगावी मुक्काम पडला तर भत्ता किती आणि झोपायची सोय कुठे? गाडीत झोपायला लावणार असतील तर दुसऱ्या दिवशी तुम्ही नीट चालवू शकणार नाही, हे अदबीने सांगा. ई-चलान कुणाच्या खिशातून? मी तरी असं ठरवतो: सिग्नल तोडला, वेग ओलांडला तर माझं, साहेब म्हणाले "इथेच लाव, दोन मिनिटांत येतो" आणि नो-पार्किंगचं आलं तर साहेबांचं. ओरखडा पडला तर पगारातून कापणार का? नोकरी सोडताना किती दिवसांची नोटीस?

कंपनीत किंवा मोठ्या ट्रॅव्हल्समध्ये लागत असाल तर पीएफ आणि ईएसआयबद्दल विचारा. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तो महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू आहे. त्यात कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के, आणि उपचार घरच्यांनाही मिळतात. पगारातून कापलं जातंय ते जमा होतंय का, हे पीएफ खात्याचा यूएएन नंबर घेऊन स्वतः बघायचं.

घरच्या गाडीच्या मालकाला आणखी एक विनंती करा. विम्यात 'पेड ड्रायव्हर'ची जोड असते, तिला पन्नासेक रुपये पडतात. ती घेतलेली असेल तर ड्रायव्हरला इजा झाल्यास मालकावर येणारी जबाबदारी विमा कंपनी उचलते. बऱ्याच मालकांना हे माहीतच नसतं. सांगितलं की लगेच करतात.

आणि मूळ लायसन्स कुणाकडेही ठेवू नका. ट्रॅव्हल्समध्ये असताना एका मालकाने 'सगळ्यांचंच ठेवतो' म्हणून माझं ठेवून घेतलं. सोडायचं म्हटल्यावर शेवटचा पगार आणि लायसन्स दोन्ही अडकलं. तीन महिने मी त्या ऑफिसच्या पायऱ्या चढलो आणि तेवढे दिवस घरात बसून काढले. झेरॉक्स द्या. रस्त्यावर पोलिसांना दाखवायला डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स चालतं.

ठरलेलं सगळं घरी जाऊन व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: "साहेब, आज आपलं असं असं ठरलं, एक तारखेपासून येतो." समोरून नुसतं 'ओके' आलं तरी पुरे. वाद पडला की तो मेसेज कामाला येतो.

पहिला महिना

दहा मिनिटं आधी पोहोचा. इंजिन थंड असताना ऑइल आणि कूलंट बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. हवा, दिवे, वायपरचं पाणी बघा, आणि स्टेपनीतली हवाही. स्टेपनी आहे म्हणून निश्चिंत राहिलेले आणि रात्री कशेडीत तिच्यात हवाच नाही असं कळलेले लोक मी पाहिलेत. आरसी, विमा, पीयूसी, आणि पिवळी पाटी असेल तर परमिट आणि फिटनेस, यांच्या तारखा मोबाइलवर लावून ठेवा.

एक छोटी वही घ्या. रोज चार गोष्टी: सुरू केल्याचे किलोमीटर आणि वेळ, बंद केल्याचे किलोमीटर आणि वेळ. शेजारी टोल, पार्किंग, इंधन. ट्रॅव्हल्सच्या ड्युटी स्लिपवर हेच असतं आणि गिऱ्हाइकाची सही लागते. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत धरायचे की पिकअपपासून, हे गिऱ्हाईक बसायच्या आधी स्पष्ट करा. मीटरचा फोटो काढून ठेवायला पाच सेकंद लागतात.

गाडीतलं बोलणं गाडीतच ठेवा. फोनवरचे व्यवहार, घरातली भांडणं सगळं कानावर पडतं. ते वॉचमनलाही सांगायचं नाही, दुसऱ्या ड्रायव्हरलाही नाही.

झोपेच्या बाबतीत कुणाचंही ऐकू नका, मालकाचंही नाही. पहाटे दोन ते पाच हा वाईट वेळ. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. सरळ, एकसारखा रस्ता, डोळे उघडे असतात पण मेंदू झोपी जातो. मागचे पाच किलोमीटर कसे गेले आठवेना, असं झालं की समजा वेळ आली. चहाने ती झोप जात नाही. पंपावर किंवा विश्रांतीच्या जागी गाडी लावा, वीस मिनिटं डोळे मिटा. रस्त्याच्या कडेला, शोल्डरवर कधीच नको. दारूबद्दल एवढंच, की १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा आहे, आणि रात्रीची सकाळपर्यंत उतरलेली नसते.

अपघात झालाच तर गाडी थांबवा, पार्किंगचे दिवे लावा, १०८ला फोन करा, मग ११२ आणि मालकाला. जखमीला मदत करणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर जीव वाचवायला तिथून निघण्याची मोकळीक कायदा देतो, पण मग सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. पळून गेलेल्याची चूक नसली तरी ती त्याच्याच नावावर लागते.

सहा महिने झाले की मालकाकडून अनुभवपत्र मागून घ्या, काम सोडायचं नसलं तरी. त्यात कोणत्या महिन्यापासून, कोणती गाडी, गिअरची की ऑटोमॅटिक, शहरात की बाहेरगावीही, आणि या काळात अपघात नाही, एवढं असलं की पुरे. मालकाला लिहायला वेळ नसेल तर तुम्ही मजकूर टाइप करून न्या आणि सही घ्या. मूळ प्रत घरी ठेवा, फोटो काढून मोबाइलमध्ये.